कॉन्स्टेबलची नदीकाठची तैलस्केचेस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन कॉन्स्टेबल म्हटलं की बहुतेकांना कॅलेंडरवरचं शांत इंग्लिश खेडं आठवतं. इथले प्रश्न त्या प्रसिद्ध मोठ्या चित्रांचे नाहीत. १८१० च्या आसपास हा माणूस स्टूर नदीच्या काठी बसून, मांडीवर पेटी ठेवून, लहानशा कागदावर किंवा कॅनव्हासवर भराभर जे रंगवत होता, त्याबद्दलचे आहेत. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम तेच. हा पक्षपात लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

इतकी स्केचेस आहेत, सुरुवात कुठून करावी?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (व्ही अँड ए) ‘फ्लॅटफर्ड मिल फ्रॉम अ लॉक ऑन द स्टूर’ नावाचं एक तैलस्केच आहे, सुमारे १८११ चं. तिथून करा. आकार साधारण २५ बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागद आडवा धरला तर त्याहून थोडंसंच उंच. लॉकची, म्हणजे पडाव वर-खाली नेण्याच्या हौदाची, लाकडं, मध्ये पाणी, पलीकडे गिरणीची विटांची इमारत, झाडं आणि वर ढगाळ आकाश, एवढाच ऐवज.

म्युझियमच्या संकेतस्थळावर त्याची मोठी प्रतिमा मिळते. ती पडद्यावर पूर्ण ताणून बघा. लांबून जी गिरणी वाटते ती जवळून लालसर रंगाचे चार-सहा फटकारे होऊन जाते. झाडात पान म्हणून कुठेच नाही. गडद हिरव्यात फिकट हिरवा ओला असतानाच टेकवलाय आणि ब्रश उचलून घेतलाय. पाण्यातलं प्रतिबिंबही तसंच, वरचेच रंग खाली थोडे मळवून ओढलेले. तरीही गिरणी गिरणीच वाटते, आणि आकाश बघून छत्री घ्यावी की काय असा विचार मनात येतो. त्याचा समकालीन चित्रकार फ्युसेली हेच चेष्टेत म्हणायचा, की कॉन्स्टेबलची निसर्गचित्रं पाहिली की आपल्याला ओव्हरकोट आणि छत्री मागवावीशी वाटते.

स्टूर नदी आहे कुठे? आणि तो तिथेच का बसायचा?

इंग्लंडच्या पूर्वेला सफक आणि एसेक्स या दोन परगण्यांच्या सीमेवरून ती वाहते. कॉन्स्टेबलचा जन्म ११ जून १७७६ चा, सफकमधल्या ईस्ट बर्गहोल्ट गावचा. वडील गोल्डिंग कॉन्स्टेबल धान्याचे मोठे व्यापारी. फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची, डेडमची पाणचक्की त्यांची, गावाजवळची पवनचक्कीही त्यांची. पीठ नदीने खाडीपर्यंत जायचं आणि तिथून त्यांच्याच शिडाच्या जहाजातून लंडनला. नदीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या मंडळावरही ते होते.

म्हणजे चित्रात दिसते ती गिरणी घरची. पुढचा लॉक ज्यातून रोज घरचा माल जायचा तो. थोरल्या भावाला धंदा झेपण्यासारखा नव्हता, म्हणून जॉनने तो पाहावा अशी वडिलांची इच्छा होती आणि त्याने वर्षभर गिरणीत कामही केलं. पुढे धाकट्या भावाने, एब्रमने, धंदा उचलला आणि जॉन १७९९ मध्ये लंडनला रॉयल अकॅडमीत शिकायला गेला.

१८०२ च्या मे महिन्यात त्याने गावच्या डन्थोर्न नावाच्या मित्राला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. गेली दोन वर्षं मी चित्रांच्या मागे धावतोय आणि सत्य दुसऱ्याच्या हातून घेतोय, अशी त्यात कबुली आहे. आता बर्गहोल्टला येऊन निसर्गासमोर बसायचं, असा बेत आहे. हा डन्थोर्न धंद्याने नळकाम आणि काचकाम करणारा, हौसेने चित्रकार. दोघं ईझल घेऊन शेतात जायचे, एक दृश्य रोज ठराविक वेळीच रंगवायचे, आणि सावल्या सरकल्या की उरलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेवर टाकायचे. पुढे कॉन्स्टेबलच्या चित्रांच्या छापील प्रती कोरणाऱ्या डेव्हिड लूकसने ही आठवण नोंदवून ठेवली आहे.

चित्रात चाललंय काय? मला तर फक्त ‘शांत नदी’ दिसते.

बहुतेकांचं इथेच चुकतं. ही नदी शांत नव्हती, कामाला जुंपलेली होती. १७०५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून स्टूर वाहतुकीसाठी खुली केली. सडबरीपासून मॅनिंगट्रीपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर. उतार आणि गिरण्यांचे बंधारे यांमुळे पाण्याची पातळी जागोजाग बदलते, तिथे लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेला लांबट हौद. पडाव आत घ्यायचा, मागचं दार लावायचं, पाणी सोडायचं किंवा भरायचं, पातळी जुळली की पुढचं दार उघडायचं.

खाली जाताना धान्य आणि पीठ, वर येताना कोळसा. पडाव दोन-दोनच्या जोडीने साखळीने बांधलेले असत आणि काठावरून एक घोडा दोराने ओढत नेई. काठची वाट मध्येच एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जायची, आणि तिथे पूल असेलच असं नाही. मग घोड्याला पडावावर चढवून पलीकडे न्यायचं. ‘द व्हाइट हॉर्स’ (१८१९) या त्याच्या मोठ्या चित्रात पडावाच्या टोकाशी उभा असलेला पांढरा घोडा त्याचसाठी तिथे आहे. गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून वाटेवर आडवी कुंपणं असत. पडाव ओढणाऱ्या घोड्यांना ती उडी मारून पार करायला शिकवलेलं असे. ‘द लीपिंग हॉर्स’ (१८२५) मध्ये ते दिसतं. फ्लॅटफर्डच्या पुलाखालून जाताना दोर सोडायचा आणि पडाव लांब काठीने रेटत न्यायचा; लंडनच्या टेट ब्रिटन या कलासंग्रहालयातल्या १८१६-१७ च्या ‘फ्लॅटफर्ड मिल’ या चित्रात पुढे जी पोरं घोड्यापाशी खटपट करतायत ती हीच.

हे सगळं माहीत असलेला माणूस समोर बसला की काय गाळायचं हे त्याला विचार करून ठरवावं लागत नाही. लॉकच्या दाराचा आडवा दांडा कुठे जड असतो, बंधाऱ्यावरून पडल्यावर पाणी कुठे पांढरं होतं आणि कुठे पुन्हा काळं पडतं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याच्या स्केचेसमधला वेग मला या ओळखीतून आलेला वाटतो. हाताची सफाई म्हणून तो दाखवला की अर्धी गोष्ट सुटते. एब्रम याच अर्थाचं म्हणायचा, की जॉनने रंगवलेली चक्की पाहिली की ती फिरेल अशी खात्री पटते, इतर चित्रकारांच्या चक्क्यांबद्दल तसं नेहमी म्हणता येत नाही. धंदेवाईक भावाचं हे एक वाक्य समीक्षकांच्या कित्येक पानांना भारी आहे.

ही स्केचेस खरंच उघड्यावर रंगवलेली आहेत, हे कशावरून?

पत्रांवरून, जवळच्यांच्या आठवणींवरून आणि खुद्द वस्तूंवरून. अनेक कागदी स्केचेसच्या कोपऱ्यांत टाचणीची छिद्रं आहेत, काहींना एकापेक्षा जास्त. म्हणजे कागद पेटीच्या झाकणाला टाचला, रंगवला, काढला, पुन्हा टाचला. आकारही सांगतो: बहुतेक स्केचेस पेटीच्या झाकणात मावतील एवढीच आहेत. पुढे १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला केलेल्या आकाशाच्या स्केचेसच्या मागे त्याने स्वतः तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवलेली सापडते.

प्रत्येकच छोटं स्केच जागेवर पूर्ण झालंय असं मात्र नाही. काहींवर नंतर घरी हात फिरवलाय. लहान आणि घाईचं दिसतं म्हणून उघड्यावरचं, हे गणित धरू नये.

तेव्हा रंगाच्या ट्यूब होत्या का?

नाही. धातूची दाबायची ट्यूब जॉन गॉफ रँड या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये काढली, आणि कॉन्स्टेबल मार्च १८३७ मध्येच गेला होता. त्याच्या काळी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पुरचुंडीत बांधून विकत. टोचून रंग पिळायचा आणि भोक कसंबसं बंद करायचं. ती फुटायची, गळायची, रंग आतच सुकायचा. अशी पोतडी घेऊन शेताच्या बांधावरून चालायचं म्हणजे मोजकेच रंग न्यायचे, हे ओघाने आलं.

शिशाचा पांढरा, पिवळी माती, गेरूच्या जातीचे तांबूस-तपकिरी रंग, हिंगूळ, प्रशियन निळा, काळा. तयार हिरव्याची त्याला फारशी गरज नव्हती. पिवळ्यात निळा घालून हिरव्याच्या हव्या तितक्या छटा निघतात. हिंगुळाचा एक ठिपका हिरव्याच्या शेजारी ठेवला की सगळा हिरवा जागा होतो, ही युक्ती तो वारंवार करतो. माणसाचा सदरा, घोड्याच्या साजाचा तुकडा, काहीतरी लाल निमित्त त्याला सापडतंच.

रंगांच्या मधूनमधून तपकिरी पट्टे दिसतात. रंग उडालाय का?

उडालेला नाही. तो खालचा थर. कागदाला किंवा कॅनव्हासला आधी लालसर-तपकिरी, कधी गुलाबीकडे झुकणारा पुट देऊन तो सुकवून ठेवलेला असे. पांढऱ्यावर सुरुवात केली तर पहिला तासभर पांढरं झाकण्यातच जातो. मध्यम गडद पुटावर गडद रंग लगेच सावली होतात, फिकट रंग लगेच उजेड होतात आणि मधला टोन आधीच तयार असतो. शिवाय तांबूस हा हिरव्याचा विरोधी. झाडाच्या फांद्यांमधून, काठाच्या मातीतून, ढगांच्या कडांमधून तो डोकावत राहतो आणि वरच्या हिरव्या-निळ्याला ऊब देतो. व्ही अँड एमधल्या स्केचेसच्या मोठ्या प्रतिमांमध्ये ढग आणि झाडाचा शेंडा जिथे भेटतात तिथे बघा; दोन्ही रंग एकमेकांना टेकवायचे टाळून मध्ये पुटाची बारीक फट बऱ्याचदा तशीच ठेवलेली असते.

एका स्केचला किती वेळ लागत असेल?

घड्याळ लावून कोणी बसलं नव्हतं. पण उजेडच मर्यादा घालतो. फ्रेंच चित्रकार व्हॅलेन्सिएनने १८०० साली छापलेल्या सल्ल्यात अशा अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास दिलाय. इंग्लंडच्या पूर्व भागातलं आकाश याहून उदार नसतं.

याला मोठा अपवाद म्हणजे ‘बोट-बिल्डिंग निअर फ्लॅटफर्ड मिल’. ते स्केच नव्हे, प्रदर्शनासाठीचं पूर्ण चित्र, सुमारे ५१ बाय ६२ सेंटिमीटरचं, १८१५ मध्ये रॉयल अकॅडमीत मांडलेलं. तरीही ते जवळजवळ सगळंच उघड्यावर रंगवलं, असं त्याचा चरित्रकार आणि मित्र लेस्ली सांगतो. विषय वडिलांच्याच गोदीत बांधला जाणारा पडाव. लूकसच्या आठवणीनुसार लांबच्या घराच्या धुराड्यातून संध्याकाळच्या चुलीचा धूर निघाला की कॉन्स्टेबल त्या दिवसाचं काम आवरायचा.

मग या स्केचेसना अपुरी चित्रं म्हणायचं की पूर्ण?

त्याने स्वतः यातलं जवळजवळ काहीच प्रदर्शनात मांडलं नाही. त्याच्या हिशेबी हा कच्चा माल. फ्लॅटफर्डच्या लॉकवरून दिसणारं हेच दृश्य त्याने एकाहून अधिक स्केचेसमध्ये घेतलं आणि त्यातून तयार झालेलं मोठं चित्र १८१२ मध्ये रॉयल अकॅडमीत ‘अ वॉटर-मिल’ या नावाने लावलं. त्या काळच्या प्रेक्षकाला गुळगुळीत, शेवटपर्यंत नेलेलं काम हवं असे. तसं नसलेल्या चित्रांवर, आणि कॉन्स्टेबलच्या मोठ्या चित्रांवरही, ‘फिनिश नाही’ हा शेरा यायचाच.

आपली नजर मधल्या दोनशे वर्षांत बदलली आहे. ब्रशचा फटकारा उघडा दिसणं आपल्याला आवडतं, म्हणून आपण स्केचला पूर्ण चित्राचा मान देतो. तो द्यावा, मीही देतो. फक्त ‘कॉन्स्टेबलला हेच करायचं होतं, बाजाराने त्याला मोठी चित्रं काढायला भाग पाडलं’ ही जी गोष्ट वर्गात सांगितली जाते, तिला आधार नाही. त्याला मोठी चित्रंच करायची होती आणि त्यांच्यासाठी तो झिजला.

‘द हे वेन’ त्याने नदीत उभं राहून रंगवलं का?

‘द हे वेन’, म्हणजे गवताची गाडी, हे त्याचं गाजलेलं मोठं चित्र. हा प्रश्न खरंच विचारला जातो. उत्तर: लंडनच्या स्टुडिओत. १८१६ मध्ये मरायाशी लग्न झाल्यावर त्याचा संसार लंडनला. (लग्नाआधी सात वर्षं मरायाचे आजोबा, ईस्ट बर्गहोल्टचे धर्मगुरू डॉ. रड, यांचा विरोध. १८१० ते १८१४ च्या ज्या उन्हाळ्यांत ही सगळी चांगली स्केचेस झाली, तेव्हा पठ्ठ्या तिला पत्रं लिहीत नदीकाठी दिवस काढत होता.) १८१५ मध्ये आई गेली, १८१६ मध्ये वडील. १८१७ नंतर गावी लांब मुक्काम असा झालाच नाही.

आणि नेमकं त्यानंतर, १८१९ पासून, स्टूरवरची ती सहा फुटी चित्रं सुरू होतात. लंडनमध्ये बसून तो जुन्या स्केचेसवरून आणि वह्यांवरून नदी पुन्हा उभी करत होता. ‘द हे वेन’ (१८२१, नॅशनल गॅलरी) मधलं डावीकडचं घर म्हणजे विली लॉटचं घर; त्याची तैलस्केचेस त्याने अनेक वर्षं आधी करून ठेवली होती, आणि काठावरचं कुत्रंही तिथूनच आलंय. गाडीचा तपशील मात्र नव्हता. म्हणून त्याने एब्रमला कळवून डन्थोर्नच्या मुलाकडून गवताच्या गाडीचं रेखाटन करून मागवलं. चाकाच्या आऱ्या लंडनमध्ये बसून कल्पनेने काढायला तो तयार नव्हता.

इथे आणखी एक घोटाळा होतो. मोठ्या चित्रांसाठी त्याने त्याच आकाराची, सहा फुटी, पूर्ण लांबी-रुंदीची तैलस्केचेसही केली. कॅनव्हासमागून कॅनव्हास. ‘द हे वेन’चं असं स्केच व्ही अँड एमध्ये आहे. त्यात काठाशी घोडेस्वार आहे. अंतिम चित्रात त्या जागी आधी पिंप आलं, मग तेही रंगाखाली गेलं. ही प्रचंड स्केचेस स्टुडिओतली. नदीकाठच्या लहान स्केचेसशी त्यांची गल्लत करू नये.

आकाशावर इतका भर का?

पवनचक्कीवर काम केलेल्या माणसाला आकाश वाचावंच लागतं. वारा कधी फिरेल, पाऊस कधी धरेल, यावर चक्कीची पाती आणि दळण अवलंबून. त्याच्या मते निसर्गचित्रात सगळ्याचा सूर आकाश ठरवतं. नदीच्या बाबतीत तर आकाश दोनदा रंगवायचं असतं, एकदा वर आणि एकदा पाण्यात, आणि खालचं वरच्यापेक्षा किंचित गडद.

उघड्यावर तैलरंग वापरणारा तो पहिला होता का?

अजिबात नाही. व्हॅलेन्सिएन १७८० च्या दशकात रोमच्या आसपास हेच करत होता. वेल्सचा टॉमस जोन्स १७८२ मध्ये नेपल्सच्या गच्च्या आणि भिंती कागदावर तैलरंगात टिपत होता. इंग्लंडमध्येच टर्नरने सुमारे १८०५ मध्ये थेम्स आणि वे या नद्यांवर महोगनीच्या पातळ फळ्यांवर स्केचेस केली, त्यातली काही बहुधा होडीत बसून. ती टेटमध्ये आहेत. दोघांची नदी शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. टर्नर पाण्यावरून काठाकडे बघतो, सहलीला आलेल्या माणसासारखा मोकळा. कॉन्स्टेबल काठावर बसून पाण्यावरच्या कामाकडे बघतो.

इम्प्रेशनिझम या स्केचेसमधून जन्मला, हे खरं का?

इम्प्रेशनिझम म्हणजे उघड्यावर, सुट्या फटकाऱ्यांनी क्षणाचा उजेड टिपणारी फ्रेंच चित्रशैली. ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. १८२४ च्या पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनात, ‘द हे वेन’ गाजलं, राजा दहाव्या चार्ल्सकडून सुवर्णपदक मिळालं, फ्रेंच चित्रकार देलाक्रवा प्रभावित झाला, पुढे बार्बिझों या फ्रेंच खेड्यातल्या निसर्गचित्रकारांपर्यंत ती ऊर्जा पोचली. ही सगळी मोठ्या, पूर्ण चित्रांची करामत. नदीकाठची लहान स्केचेस तेव्हा लंडनमध्ये घरातच पडून होती. त्यांचा मोठा साठा लोकांसमोर आला तो १८८८ मध्ये, आणि इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन १८७४ चं.

ती म्युझियममध्ये कशी आली?

त्याच्या मृत्यूनंतर १८३८ मध्ये लिलाव झाला, काही गेली, बरीच मुलांनी ठेवली. १८८८ मध्ये मुलगी इझाबेल हिने शेकडो स्केचेस आणि रेखाटनं त्या वेळच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमला दिली. तेच आजचं व्ही अँड ए. त्याच वर्षी ती वारली. दोन अवाढव्य स्केचेस, ‘द हे वेन’चं आणि ‘द लीपिंग हॉर्स’चं, हेन्री व्हॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्राने १९०० मध्ये तिथे आली.

‘कॉन्स्टेबल’ म्हणून दाखवलं जाणारं प्रत्येक स्केच त्याचंच असतं का?

नसतं, आणि यात लबाडीपेक्षा घरगुती गोंधळ जास्त आहे. धाकटा मुलगा लायनेल हाही निसर्गचित्रकार. त्याची बरीच कामं वर्षानुवर्षं वडिलांची म्हणून गॅलऱ्यांत टांगलेली होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी लेस्ली पॅरिस आणि इयन फ्लेमिंग-विल्यम्स या दोन अभ्यासकांनी ती वेगळी काढली आणि १९८२ मध्ये टेटने लायनेलचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. आयुष्यभर ज्याला कोणी फार ओळखलं नाही, त्याची चित्रं बापाच्या नावावर खपण्याइतकी चांगली निघाली. याला न्याय म्हणावं की आणखी काही, ठरवणं कठीण आहे.

याशिवाय त्या काळचे अनुकरण करणारे होतेच. लिलावात एखादं ‘स्टूरकाठचं स्केच’ स्वस्तात मिळत असेल तर त्या स्वस्ताईला कारण असतं.

आपल्याकडे याचा काही धागा पोचतो का?

थेट धागा एकच, तोही चित्रकलेचा नाही. कॉन्स्टेबलचा दुसरा मुलगा चार्ल्स गोल्डिंग समुद्रावर गेला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीत कॅप्टन झाला. या आरमाराचं मुख्य ठाणं मुंबई. १८५० च्या दशकाच्या अखेरीस इराणच्या आखाताचं सर्वेक्षण करणाऱ्यांत तो होता. वडिलांच्या चित्रांचा मोठा वाटा पुढे त्याच्याकडे आला.

उघड्यावर बसून नदी-तळी रंगवण्याची आपली परंपरा मात्र स्वतःच्या बळावर पाहावी. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. मध्ये शिकून परतले आणि रंकाळा नि आसपासचा परिसर जागेवर बसून रंगवत राहिले. त्यांना ‘भारतीय कॉन्स्टेबल’ म्हणण्याची काही गरज नाही. एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षं परत जाण्याची चिकाटी मात्र दोघांत दिसते.

फ्लॅटफर्डला आज जाता येतं का?

येतं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून मॅनिंगट्रीला साधारण तासाभरात गाडी पोचवते, तिथून नदीकाठाने पायी पाऊण-एक तास. गिरणी आणि विली लॉटचं घर नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आहेत. गिरणीत निसर्ग-अभ्यासाचे निवासी वर्ग भरतात, त्यामुळे आत सहज शिरता येत नाही. लॉक आहे, पडाव बांधायची गोदी पुन्हा मोकळी करून दाखवली आहे. १८४९ मध्ये सडबरीला रेल्वे आली आणि नदीवरची मालवाहतूक ओसरत गेली. आता तिथे हौशी होड्या आणि बदकं. झाडं वाढलीत, जमिनीची पातळी बदललीये, त्यामुळे हातात चित्र धरून ‘इथेच बसला होता’ म्हणायला गेलात तर थोडी फजिती होते. पाहणं जमवायचं असेल तर लॉकपाशी उभं राहून दाराच्या दांड्यांकडे बघा.

मला असं स्केच करून पाहायचंय. कुठून सुरुवात करू?

मेणवलीचा घाट असो की गोदाकाठ, नियम तेच. रंगवायची पाटी लहान घ्या, २५ बाय ३० च्या वर जाऊ नका. आदल्या आठवड्यात तिला बर्न्ट सिएना या लालसर-तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन सुकवा. हा खालचा हात ॲक्रिलिकचा असला तरी चालतो, वर तैलरंग चढतो. उलटं मात्र चालत नाही, सुकलेल्या तेलावर ॲक्रिलिक टिकत नाही. रंग पाच-सहा. शिशाचा पांढरा विषारी असतो, त्याच्या वाटेला न जाता टायटॅनियमचा पांढरा वापरा, मात्र तो फार झाकतो हे लक्षात ठेवून कमी घ्या.

बसल्यावर आधी आकाश आणि पाणी एकदमच लावा, कारण दोन्ही बदलणार आहेत. घाट, देऊळ, पायऱ्या पळून जात नाहीत. मग सगळ्यात गडद जागा. बारीकसारीक शेवटी, आणि शक्य असेल तर नाहीच. उजेड फिरला की थांबा. आठवणीने दुरुस्त केलेली सावली नेहमी खोटी पडते. उरलेलं उद्या त्याच वेळी.

आणि काठावर थोडा वेळ नुसतं बसून तिथे काम काय चाललंय ते पाहा. कपडे कुठल्या पायरीवर आपटतात, पाणी ओसरल्यावर शेवाळाची रेघ कुठवर राहते, होडी कुठे बांधतात. ते कळलं की कुठला फटकारा हवा आणि कुठला नको याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

ओलं स्केच घरी नेण्यासाठी पाटी सरकवायच्या खाचा असलेली पेटी मिळते. नसेल तर दोन पाट्या रंगीत बाजू समोरासमोर धरून चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घाला आणि बाहेरून रबर लावा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून पिशवीत कोंबू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. घरी आल्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.